सिम्स मिडिव्हल येण्याआधी: आमच्या घरची तयारीची यादी

मार्च २०११ चा पहिला आठवडा चालू आहे. गेल्या ऑगस्टमध्ये घोषणा झाली तेव्हापासून मी आणि माझी धाकटी बहीण दिवस मोजतोय. २२ मार्च २०११ ला ‘द सिम्स मिडिव्हल’ अमेरिकेत बाजारात येतोय, म्हणजे आता जेमतेम अडीच आठवडे उरले. सिम्स म्हणजे ‘सिम’ नावाच्या माणसांचं रोजचं आयुष्य आपण चालवायचं असा कॉम्प्युटर गेम, आणि मिडिव्हल म्हणजे मध्ययुगातला. २००० साली पहिला सिम्स आला, २००४ मध्ये दुसरा, २००९ च्या जूनमध्ये तिसरा. त्या प्रत्येक वेळी आम्ही खोकं उघडून थेट खेळायला बसलो होतो. या वेळी मात्र वही घेऊन बसलोय, कारण हा गेम नेहमीचा सिम्स नाही आणि नेहमीच्या सवयीने खेळलो तर त्यातली गंमत हातातून निसटेल असं मला मनापासून वाटतं. तुम्हीही वाट बघत असाल तर आमची यादी तुमच्या कामी येईल.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. हा सिम्स ३ चा एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायची पुरवणी, नाही. तो स्वतंत्र गेम आहे आणि चालवायला सिम्स ३ लागत नाही. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, मात्र सिम्स ३ चंच आहे, सुधारून घेतलेलं. म्हणजे तुम्ही हौसेने जमवलेले कपडे, केशभूषा, डाउनलोड केलेली घरं यातलं काहीही तिकडे नेता येईल अशी आशा ठेवू नका. इंजिन तेच असल्याचा एक फायदाही आहे. तुमच्या मशीनवर सिम्स ३ कसा चालतो ते बघितलं की नव्या गेमचा बराचसा अंदाज येतो. भरलेल्या बाजारपेठेत कॅमेरा फिरवताना चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर आत्ताच अपडेट करा. हार्ड डिस्कवर थोडी ऐसपैस जागा मोकळी करा आणि कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ झटका. ही कामं गेम हातात आल्यावर करायची नसतात, तेव्हा धीर राहत नाही.

आणि बॅकअप. हे मी जरा कळकळीने सांगतेय. सिम्स २ मध्ये आमचं एक घराणं तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलं होतं. एकदा मशीन फॉरमॅट केलं आणि डॉक्युमेंट्समधला फोल्डर कॉपी करायचा राहिला. आजी, तिने लावलेली बाग, नातवंडं, सगळं एका दुपारीत गेलं. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. सिम्स ३ चे सेव्ह माय डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, मगच नवीन काही इन्स्टॉल करा.

मशीन झालं. यापुढची तयारी मनाची आहे आणि तीच मोठी आहे.

पहिली सवय सोडायची ती घर बांधण्याची. माझी बहीण सिम्स खेळते ती मुळात भिंती उभारायला. तिची घरं बघायला मैत्रिणी येतात. या गेममध्ये किल्ला, दवाखाना, लोहारशाळा, मठ या इमारतींचा सांगाडा ठरलेला असणार आहे. आतली मांडणी, फर्निचर, सजावट आपल्या हातात, पण जोत्यापासून भिंती चढवणं नाही. हे ऐकल्यावर ती हिरमुसली. मग मी तिला म्हटलं, नाटकाचा रंगमंच असतो ना, तीन बाजूंनी बंद आणि एक बाजू प्रेक्षकांसाठी उघडी, तशा या खोल्या आहेत. नेपथ्य तू करायचंस. ती आता सिंहासनाच्या खोलीत कोणता रंग हवा याच्या विचारात आहे.

दुसरी सवय शरीराची निगा राखण्याची. सिम्स ३ मध्ये भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, गप्पागोष्टी आणि शौचाला जाणं अशा सहा गरजा सांभाळाव्या लागतात. अर्धा खेळ त्यातच जातो. मिडिव्हलमध्ये दोनच उरल्यात: भूक आणि झोप. कुणाला वाटेल की खेळ सोपा केला. मला तसं वाटत नाही. त्या गरजांच्या जागी जबाबदाऱ्या आल्यात. प्रत्येक पात्राला रोज त्याच्या पेशाची कामं नेमून दिलेली असतात, ती चुकवली तर परिणाम भोगावे लागतात, आणि गावात खोडाही आहे, ज्यात अडकवून चारचौघांत उभं करतात. आंघोळ राहिली म्हणून रडणारा सिम मला पुष्कळ वेळा भेटलाय. रुग्ण ताटकळत ठेवला म्हणून खोड्यात गेलेला वैद्य अजून भेटलेला नाही.

तिसरी सवय सोडायला सगळ्यात अवघड: अनंत काळ खेळत राहण्याची. इथे राज्याची एक महत्त्वाकांक्षा आधी निवडायची. ती गाठण्यासाठी क्वेस्ट, म्हणजे मोहिमा, खेळायचे. क्वेस्टसाठी मोजके गुण मिळतात आणि प्रत्येक क्वेस्ट त्यातले काही खर्च करतो. गुण संपले की त्या राज्याची गोष्ट संपली. सुरक्षितता, लोकांचं स्वास्थ्य, संस्कृती आणि ज्ञान अशा चार अंगांनी राज्य कसं वाढलं ते मोजलं जातं. सिम्समध्ये शेवट असावा का यावर आमच्या घरी खूप वाद झालाय. माझं मत ठाम आहे: असावा. शेवट आहे म्हणूनच कोणती क्वेस्ट घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची याला वजन येतं. तेव्हा यादीत हे लिहून ठेवलंय की पहिल्या राज्याला चारही अंगांनी परिपूर्ण करायचा हट्ट धरायचा नाही. आमचं पहिलं राज्य ज्ञानाच्या मागे जाणार आणि तटबंदी कच्ची राहिली तर राहू दे.

आता पात्रं. एकूण दहा पेशे आहेत: राजा किंवा राणी, नाइट (राजाचा लढवय्या सरदार), हेर, जादूगार, वैद्य, लोहार, व्यापारी, बार्ड (गाणी-कथा सांगणारा शाहीर), आणि दोन वेगवेगळ्या पंथांचे दोन धर्मगुरू, एक जेकबन आणि एक पीटरन. सुरुवात राजा किंवा राणीपासून होते, बाकीचे पुढे इमारती उभ्या राहतील तसे येतात. म्हणून दहाच्या दहा पात्रांची जन्मकुंडली आत्ताच मांडायची घाई नको. तीन-चार जण मनात पक्के असले की पुरे.

माझा जीव वैद्यावर जडलाय. या गेममधला वैद्य जळवा लावतो, झाडपाला गोळा करतो. त्याच्या हातून उपचार करायचे तर तो काळ शरीराकडे कसा बघायचा ते थोडं माहीत असलेलं बरं. ग्रीक वैद्य गेलन याच्या शिकवणीतून आलेली समजूत अशी की शरीरात चार द्रव असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि त्यांचा तोल ढळला की माणूस आजारी पडतो. रक्त जास्त झालं तर काढून टाका, म्हणून जळू आणि म्हणूनच शीर कापणं. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या धर्मसभेने, धर्मगुरूंना कापण्या-डागण्याची शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. हजामत करणारे न्हावीच पुढे युरोपभर दात उपटणं, रक्त काढणं, जखमा शिवणं अशी कामं करताना दिसतात. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक वैद्य घर करून बसलाय, ज्याने मठ सोडून हातात सुरी घेतली. गेम मला ही गोष्ट देणार नाही कदाचित. पण मी ती सोबत घेऊन गेले तर त्या दवाखान्यातली प्रत्येक दुपार वेगळी दिसेल.

लोहार बहिणीकडे. तिला वस्तू बनवायला आवडतात. तिच्यासाठी मी एवढंच शोधून ठेवलंय की लोखंड किती तापलं हे लोहार रंगावरून ओळखायचा, गडद लाल, मग केशरी, मग पिवळं, आणि पांढरं झालं की ठिणग्या उडून धातू जळायला लागतो. इंग्लंडमधल्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, उमेदवारी बहुधा सात वर्षांची असायची. म्हणजे तिचा लोहार विशीतला असेल तर तो लहानपणीच भात्यापाशी उभा राहिलेला आहे. धर्मगुरूंपैकी एक तरी हवा, दोघे असले तर उत्तम, कारण दोन पंथांची ओढाताण गावात चांगलाच धुरळा उडवेल. व्यापारी आणि हेर नंतर बघू.

यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम आता. प्रत्येक पात्राला दोन गुणवैशिष्ट्यं द्यायची आणि त्यासोबत एक घातक दोष. दारुडा, जुगारी, खादाड, भित्रा, क्रूर, रक्तपिपासू, रात्रभर झोप न येणारा, असे दोष आहेत. सिम्स ३ मध्ये आपण पाच वैशिष्ट्यं निवडायचो आणि खरं सांगायचं तर पाचही सोयीची निवडायचो. इथे दोष टाळताच येत नाही. म्हणून दोष निवडताना सर्वांत कमी त्रासाचा कोणता ते शोधत बसू नका. पेशाला जिथे दुखेल तिथला दोष घ्या. भित्रा नाइट रोज सकाळी तलवारीकडे बघून काय विचार करत असेल? जुगारी राजाचा खजिना कोण सांभाळणार? माझ्या वैद्याला मी झोप न येणारा करणार आहे. रात्री तो जागा, म्हणून रात्रीच्या रुग्णांना तो हक्काचा, आणि सकाळी जळवांचं भांडं हातात धरताना डोळे मिटताहेत. एका दोषातून अख्खं आयुष्य दिसायला लागतं. वहीत प्रत्येक पात्रापुढे दोष आधी लिहा आणि गुण नंतर. आम्ही असं करून पाहिलं, पात्रं पटकन उभी राहिली.

काळाबद्दल थोडं वाचून ठेवावं, पण अभ्यासाचं ओझं करू नये. गेममध्ये जादूगार आहेत, गुन्हेगारांना गिळायला खड्ड्यात बसलेला अजस्र प्राणी आहे. तो इतिहासाचा दावा करत नाही. तरी तीन गोष्टी माहीत असल्या की गोष्ट सांगणं सोपं जातं. एक म्हणजे वेळ. मठाचा दिवस प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळांवर चालायचा आणि गाव त्याच घंटा ऐकून कामाला लागायचं. यांत्रिक घड्याळं नंतर आली. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलचं घड्याळ सुमारे १३८६ चं मानतात आणि त्याला तबकडी नाही, ते फक्त ठोके देतं. रात्रीची घंटा झाली की चुलीतला विस्तव झाकायचा. कर्फ्यू हा शब्द ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांतूनच आलाय. माझ्या वैद्याची रात्र या घंटेपासून सुरू होते.

दुसरी गोष्ट अन्न. १४९२ च्या आधीच्या युरोपात बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, मिरची नाही. गरिबाच्या घरी धान्य आणि भाजीपाला एकत्र शिजवलेली पातळ पेज, काळपट पाव आणि हलकी एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. गेममधलं पान कसं मांडलंय ते कळेलच. तिसरी गोष्ट नावं, आणि यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. इंग्लंडमध्ये आडनावं रूढ होत गेली तेव्हा अनेकांना ती पेशावरून चिकटली: बाण बनवणारा फ्लेचर, पिंपं बनवणारा कूपर, मेणबत्त्या करणारा चँडलर, लोहार तो स्मिथ. बापाचा पेशा एक आणि मुलाचा दुसरा असं ठेवलं की नावातच गोष्ट दडते. बहिणीच्या लोहाराचं आडनाव चँडलर आहे. मेणबत्त्या वळणाऱ्याचा मुलगा ऐरणीपाशी कसा पोचला हे तिने अजून मलाही सांगितलेलं नाही.

उरलेली कामं बारीकसारीक. शेवटच्या आठवड्यात ट्रेलर आणि खेळून दाखवलेले व्हिडिओ बघणं बंद. क्वेस्टमध्ये वाटा फुटतात आणि त्या आधीच कळल्या तर निवडण्यात काही उरत नाही. एक कोरी वही, प्रत्येक क्वेस्टला एक पान, वर नायकाचं नाव आणि खाली त्याने काय निवडलं. तोच क्वेस्ट वेगळ्या पेशाच्या नायकाकडून वेगळ्या रीतीने सोडवता येणार आहे, तेव्हा पुढच्या राज्यात ही पानं कामी येतील. मशीन एकच असल्यामुळे पाळ्या ठरवल्यात, पण तासांवर नाही: एक क्वेस्ट तिचा, एक माझा, आणि दुसऱ्याच्या पाळीत माउसला हात लावायचा नाही, बोलायला मात्र पूर्ण मुभा.

राणीचं नाव काल रात्री ठरलं. मॅटिल्डा. बहिणीने तिच्यासाठी दोष म्हणून भित्रेपणा निवडला आणि मी नको म्हणाले, राज्याची पहिलीच राणी भित्री कशी चालेल? ती म्हणाली, ताई, भीती वाटणारी माणसंच रात्री उठून वेशीचं दार नीट लागलंय का ते बघतात. मी वहीत मॅटिल्डाच्या नावापुढे ‘भित्री’ असं लिहिलं. तिचे दोन गुण अजून ठरायचेत, आणि सिंहासनाच्या खोलीचा रंगही.