टेराफॉर्मिंगचा अभ्यास करायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी

मंगळासारखा ग्रह माणसाला राहण्याजोगा करणे, म्हणजेच टेराफॉर्मिंग, हा विषय ज्यांना खुणावतो त्यांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या नावाची पदवी घेऊन या नावाच्या नोकरीवर रुजू होण्याची सोय सध्या तरी नाही. या विषयावर गांभीर्याने लिहिणारे मुळात ग्रहांच्या वातावरणाचे अभ्यासक होते. कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्रावर शैवाल सोडण्याची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये मॅके, टून व कास्टिंग यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मंगळाविषयी लिहिले, ते याच अभ्यासाच्या बळावर. म्हणून पदवीला भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र घ्यावे आणि गणिताची हेळसांड करू नये.

आपल्याला हा विषय मानवेल का, हे पाहण्यासाठी एक गणित स्वतः करून पाहावे. मंगळाच्या पृष्ठभागावर एक बार, म्हणजे एक लाख पास्कल, इतका दाब हवा असेल, तर त्याला तेथील गुरुत्वत्वरणाने, म्हणजे सुमारे ३.७ने, भागावे, प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २७ टन वायू लागेल असे उत्तर येते. पृथ्वीवर तेवढ्याच दाबाला जेमतेम दहा टन पुरतात, आणि मंगळावर आज आहे तो वायू दोनशे किलोही भरत नाही. मग उरलेला आणायचा कोठून? जकोस्की आणि एडवर्ड्स या संशोधकांनी २०१८ मध्ये ध्रुवांवरील बर्फ, माती आणि खनिजे यांतील कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडून तो पुरेसा नसल्याचा निष्कर्ष काढला. असा नकारही ज्याला रंजक वाटतो, त्याने खुशाल पुढे जावे.

ग्रह मुळात कसे घडतात, या ग्रहनिर्मितीच्या अभ्यासात मात्र काम भरपूर आहे. चिलीतील आल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीतील कडी आणि त्यांमधल्या फटी स्पष्ट दाखवल्या, आणि त्या फटी घडणाऱ्या ग्रहांनी पाडल्या की अन्य कारणांनी, हा प्रश्न पुढे आला. यासाठी पायथन ही संगणकभाषा शिकावी, कक्षांचे गणित करणाऱ्या ‘रिबाउंड’ या मोफत संगणकप्रणालीवर काही पिंडांच्या कक्षा चालवून पाहाव्यात आणि त्या कधी व का विस्कटतात याची नोंद ठेवावी. माझ्या मते अशी एक नीट लिहिलेली वही चार ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा वजनदार ठरते.

पदवीनंतर एम.एस्सी.साठी जॅम, तर पीएच.डी.साठी जेस्ट किंवा नेट या परीक्षा आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सुट्टीतील विद्यार्थी-प्रकल्प असतात, तर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर घरचेच क्षेत्र लाभले आहे, कारण बुलढाण्यातील लोणारचे विवर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या, खडकात उल्केच्या आघाताने झालेले असून मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच आहे.

मार्गदर्शक निवडताना केवळ संस्थेच्या नावावर जाऊ नये. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती वर्षे लागली व पुढे ते कोठे गेले, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. पीएच.डी.नंतर बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराच्या, अनेकदा परदेशातील नेमणुका घ्याव्या लागतात, त्यामुळे घरच्यांशी याविषयी प्रवेश घेण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.