इंग्रजीत क्रियापद गाळताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी मुलं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. घरात मराठी, गल्लीत गुजराती, वहीत इंग्रजी. परवा एका मुलीच्या वहीत वाक्य सापडलं: 'फादर टी अँड मदर ड्रिंक्स कॉफी.'

मी ते लगेच खोडलं नाही, कारण तिने मराठीचा नियम इमानाने पाळला होता. 'बाबा चहा आणि आई कॉफी घेते' हे वाक्य आपल्याला खटकत नाही. क्रियापद शेवटी येणार हे माहीत असल्याने ऐकणारा तेवढा धीर धरतो. गुजरातीतही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे ही सवय बाहेरही मोडत नाही. मराठीत तर 'बाबा चहा घेतात, आई कॉफी' असंही चालतं. इंग्रजीत मात्र ही एकच वाट आहे: क्रियापद आधी मांडायचं, मग पुढच्या वाक्यात गाळायचं. 'फादर ड्रिंक्स टी, अँड मदर कॉफी.' या गाळण्याला गॅपिंग म्हणतात. क्रियापद पुढच्या भागातून गळतं की मागच्या, याचा संबंध त्या भाषेतल्या शब्दांच्या क्रमाशी असतो, हे जॉन रॉबर्ट रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये मांडलं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. 'तिने कॉफी घेतली म्हणून मी चहा' असं आपण सहज बोलतो. पण 'शी ड्रँक कॉफी, सो आय टी' किंवा 'आय ड्रँक टी बिकॉज शी कॉफी' ही वाक्यं इंग्रजीत उभीच राहत नाहीत. अँड, ऑर, बट यांनी जोडलेल्या बरोबरीच्या वाक्यांतच क्रियापद गाळा. बिकॉज, इफ, व्हेन आले की ते पुन्हा लिहा.

नावांच्या बाबतीत तर फार जपावं लागतं. 'आशाने मीनाला आणि सुमनने रेखाला फोन केला' यात कुणी कुणाला फोन केला ते 'ने' आणि 'ला' सांगतात. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. 'आशा कॉल्ड मीना अँड सुमन रेखा' वाचताना आधी वाटतं की आशाने मीना आणि सुमन दोघींना फोन केला, आणि मग ती रेखा कुठून आली ते कळत नाही. गाळलेल्या क्रियापदाच्या जागी स्वल्पविराम देण्याची पद्धत आहे: 'आशा कॉल्ड मीना, अँड सुमन, रेखा.' व्याकरणाने ते बरोबर आहे, तरी वाचणारा अडखळतोच. अशा ठिकाणी मी मुलांना 'कॉल्ड' दुसऱ्यांदा लिहायला लावते. एका शब्दाच्या काटकसरीसाठी अर्थ पणाला लावू नये.

नोकरीच्या अर्जांत दिसणारी चूक अशी: 'आय हॅव अँड विल ऑल्वेज लिव्ह इन बरोडा.' हॅवच्या पुढे 'लिव्ह' चालत नाही, 'लिव्ड' लागतं. रूप बदलत असेल तर दोन्ही लिहा: 'आय हॅव लिव्ड अँड विल ऑल्वेज लिव्ह इन बरोडा.' शंका आली की गाळलेला शब्द त्याच रूपात परत घालून मोठ्याने वाचा. 'सयाजीबाग वॉज लेड आउट इन 1879, अँड लक्ष्मी विलास पॅलेस कम्प्लीटेड इन 1890' यात दुसऱ्या भागात 'वॉज' घालून पाहा, नीट बसतं. 'द हॉल वॉज स्वेप्ट अँड द चेअर्स अरेंज्ड' यात मात्र 'वेअर' लागतं. असं पुष्कळ जण लिहितात, पण परीक्षेच्या पेपरात 'वेअर' लिहूनच टाका.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की ड्रिंक्स उचलून फादरजवळ ठेव. तिने ठेवलं, थोडा विचार केला आणि स्वतःहून पुढे लिहिलं: 'फादर ड्रिंक्स टी, मदर कॉफी, अँड आजी नथिंग आफ्टर सिक्स.'