आफ्रिकेतल्या जंपिंग स्पायडरला ‘नवीन’ म्हणण्याआधी या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतल्या गवतातून जाळीत चार मिलिमीटरचा, काळाकुळकुळीत, पांढऱ्या ठिपक्यांचा जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारा कोळी, आला. पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी तो जुळत नाही. तरी लगेच नाव शोधायला बसू नका. त्याचं कुळ सॅल्टिसिडी हे कोळ्यांमधलं सर्वांत मोठं, त्यात सहा हजारांहून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत. आपला कोळी त्यांपैकी नाही, हे दाखवून देण्याची जबाबदारी आपलीच.

रंगावर भिस्त

हेलिओफॅनस या जीनसमधले (जवळच्या प्रजातींच्या गटातले) कितीतरी कोळी वरून असेच दिसतात: काळे, चकचकीत, पांढऱ्या खवल्यांचे. खवले घासून निघतात, अल्कोहोलमध्ये रंग उतरतात. म्हणून जिवंतपणीचा फोटो आधी घ्या, पण निर्णय त्यावर देऊ नका. निर्णय नराच्या पाल्पवर (तोंडाजवळचा, मिलनात वापरला जाणारा अवयव) आणि मादीच्या एपिगाइनवर (पोटाखालचा जननावयव) होतो. हेलिओफॅनसच्या नरात तर पाल्पच्या मांडीवरच्या काट्याचा आकारही पाहावा लागतो.

इथे हमखास फसायला होतं ते कोनामुळे. पाल्प जरासा फिरला की एम्बोलसचं (त्यावरच्या वीर्य सोडणाऱ्या नळीचं)टोक वेगळंच दिसतं आणि आपण खूश होतो. हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये पाल्प रोवून तो नेमका खालून आणि बाजूने पाहा, तुलनेच्या नमुन्याचाही त्याच कोनातून. मादीचं एपिगाइन बाहेरून पाहून भागत नाही. कधी त्याच्या तोंडावर घट्ट बूच बसलेलं असतं आणि ते अवयवाचाच भाग वाटतं. एपिगाइन सोडवून, लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून आतल्या नळ्यांच्या वळणाचं चित्र काढा.

एपिगाइन पुरतं तयारच नसेल, तर ती पिल्लू आहे. वर्णन थांबवा.

जुने नमुने न पाहणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. आफ्रिकेतले कोळी मोठ्या प्रमाणात युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत गेले. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमोनचा संग्रह पॅरिसच्या संग्रहालयात आहे, अमेरिकन अभ्यासक पेकहॅम दांपत्याने 1903 मध्ये वर्णन केलेले दक्षिण आफ्रिकी नमुने हार्वर्डला. सिमोनची कित्येक वर्णनं चार ओळींची, चित्राविना. ती वाचून ‘आपला वेगळा आहे’ म्हणणं म्हणजे अंधारात तीर मारणं. बर्नच्या संग्रहालयाने चालवलेल्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये त्या जीनसची अख्खी यादी काढा. शेजारच्या देशांतल्या प्रजातीही सोडू नका, कारण सरहद्दी माणसांनी आखल्या. लेबलवर ऱ्होडेशिया दिसलं तर झिम्बाब्वे किंवा झांबिया, टांगानिका दिसलं तर टांझानिया समजा. टाइप, म्हणजे मूळ वर्णन ज्यावरून झालं तो नमुना, पाहायला जाणं जमत नसेल, तर संग्रहालयाकडे पाल्पचे फोटो मागा. उत्तराला महिने लागले तरी थांबा.

आणि आफ्रिकेतूनच जगभर पसरलेले काही कोळी आधी वगळा. 1826 मध्ये इजिप्तमधून वर्णन झालेला हॅसेरियस ॲडान्सोनी किंवा मेनेमेरस बायव्हिटॅटस आपल्याकडच्या घरांच्या भिंतींवरही फिरताना दिसतात.

एका बाटलीतले म्हणून जोडपं

नर-मादीत इतका फरक असतो की एकाच प्रजातीची दोन नावं पडतात. उलटही होतं: एकाच झुडपावर सापडले म्हणून भलत्यांचीच जोडी जमवली जाते. पिल्लं वाढवून किंवा डीएनए जुळवून खात्री करा. त्यासाठी एखादा पाय 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा, 70 टक्क्यांवर भरवसा नको. काहीच जमत नसेल तर एकट्या नराचं वर्णन करा आणि ‘मादी अज्ञात’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

नावाचे घोळ

जीनसच्या नावाला लिंग असतं: एव्हार्का स्त्रीलिंगी, हेलिओफॅनस पुल्लिंगी. त्यापुढच्या प्रजातीच्या विशेषणाचा शेवट त्याप्रमाणे बदलतो. पुरुषाच्या सन्मानार्थ दिलेलं नाव साधारणपणे ‘ई’वर संपतं. कल्याण-ठाणे भागातल्या कोळ्याला 2021 मध्ये तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ दिलेलं इसियस तुकारामी हे त्याचंच उदाहरण. व्यक्ती स्त्री असेल तर शेवट बदलतो. मला विचाराल तर सवयीवरून दिलेलं नाव जास्त लक्षात राहतं. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा एव्हार्का क्युलिसिव्होरा रक्त प्यायलेले डास पसंत करतो, आणि 2003 मध्ये मिळालेल्या त्याच्या नावाचा अर्थही ‘डास खाणारा’.

छापण्याआधी

2000 पासून होलोटाइप (नाव ज्या एका नमुन्यावर आधारलेलं असतं तो) कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे लेखात स्पष्ट असावंच लागतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल, तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंद प्रकाशनाआधी करून ती लेखात दाखवावी लागते. हे राहिलं तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. दुसऱ्या कुणी त्याच कोळ्याचं नाव नियमाने छापलं तर त्याचंच नाव चालतं, चित्रं तुमची कितीही सुंदर असोत.