एका माणसाच्या आयुष्यावरची अनुवादित कादंबरी कशी वाचावी

एकाच माणसाच्या आयुष्यावर उभी असलेली कादंबरी वाचताना 'पुढे काय घडणार' ही उत्सुकता फार दूरवर पुरत नाही. लेखकाने कोणत्या वर्षांना किती पाने दिली, याकडे लक्ष ठेवावे. त्या आयुष्याविषयी त्याला जे म्हणायचे असते ते बहुधा तिथेच सापडते.

सुरुवातीला टॉलस्टॉय यांची 'इव्हान इल्यिचचा मृत्यू' ही १८८६ सालची लघुकादंबरी घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. बारा प्रकरणांपैकी पहिल्यात नायकाच्या निधनाची बातमी येते, पुढच्या दोनांत शिक्षण, नोकरी, लग्न, बढत्या हे सारे उरकते आणि उरलेली नऊ प्रकरणे शेवटच्या आजारपणाला मिळतात. जवळ एक कागद ठेवून प्रत्येक प्रकरणात किती काळ गेला ते टिपत जावे. पुस्तक वाचनालयाचे असेल तर समासात पेन्सिलसुद्धा लावू नये. तिसऱ्या प्रकरणात, पडदा कसा लावायचा हे कारागिराला दाखवण्यासाठी इव्हान इल्यिच शिडीवर चढतो, घसरतो आणि त्याच्या कुशीला खिडकीची मूठ लागते. घरी तो हे हसत हसत सांगतो. ही चार वाक्ये घाईत निसटतात, म्हणून तिथे थांबून ती पुन्हा वाचावीत.

नावांनी बिचकू नये. नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची रीत आपलीच आहे. फरक इतकाच की रशियन स्त्री लग्नानंतरही वडिलांचेच नाव लावते, त्यामुळे प्रास्कोव्या फ्योदोरोव्हना ही फ्योदोरची मुलगी आणि इव्हान इल्यिचची पत्नी.

अनुवाद निवडताना सातवे प्रकरण उघडावे. तिथे गेरासिम हा तरुण नोकर आजारी मालकाचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो. त्याचे साधे बोलणे आणि चौथ्या प्रकरणातील डॉक्टरांचे बोलणे एकाच सुरात उतरले असेल, तर तो अनुवाद बाजूला ठेवावा.

शेवटाकडे प्रकरणे आखूड होत जातात आणि तो वेग तुकड्यातुकड्यांनी वाचून जाणवत नाही, म्हणून निवांत दिवस काढावा. सातारा जिल्ह्यातील वाचकांनी आपली प्रत घेऊन पाचगणीजवळच्या भिलारला जावे. मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' असलेल्या या गावात घराघरांतून वाचकांसाठी पुस्तके मांडलेली आहेत आणि तिथे वाचत बसलेल्या माणसाचे कुणाला नवल वाटत नाही.

वाचून झाल्यावर लगेच पहिले प्रकरण पुन्हा वाचावे, कारण सरकारकडून आणखी पैसे मिळतील का, ही विधवेची चौकशी आता निराळीच ऐकू येते. प्रस्तावना त्यानंतर वाचावी.