कोनाड्यात टीव्ही बसवायचाय? मग आधी एवढं करून ठेवा

फर्निचरमधला कोनाडा आधीच बनलेला आणि त्यात नवा टीव्ही घालायचा, हे वाटतं तेवढं सरळ काम नाही, कारण टीव्ही आत जाणं वेगळं आणि त्याला धरलेला हात बाहेर येणं वेगळं. मी पहिल्यांदा बसवला तेव्हा दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढीही जागा नव्हती, टीव्ही एकदम फिट बसला, सगळे खूश, आणि मग कळलं की एचडीएमआयची पिन लावायचीच राहिली. परत काढताना कडेचं लॅमिनेट उडालं, ते अजून तसंच आहे.

तर पहिलं काम खरेदीच्या आधीचं. कोनाडा मोजा आणि एकदाच मोजून टेप गुंडाळू नका. रुंदी वर, मधे, खाली, उंची डावीकडे, मधे, उजवीकडे, आणि खोली चारही कोपऱ्यांत, यातला सगळ्यात छोटा आकडा तोच खरा. दोन्ही कर्णपण मोजा, सारखे नाही आले तर चौकट गुनियात (काटकोनात) नाही, म्हणजे कागदावर बसणारा टीव्ही एका कोपऱ्यात अडकणार. पुढे सरकतं शटर असेल तर खोली शटरच्या आतल्या बाजूपासून धरा. आणि सगळी मापं मिमीमध्येच लिहा, सुतार सूतात बोलतो, एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी, आणि अशा ठिकाणी दोन सूत इकडेतिकडे झाले की खेळ संपला.

टीव्हीचे इंच बघून ठरवू नका, ते फक्त स्क्रीनच्या कर्णाचं माप असतं. ४३ इंची टीव्ही रुंदीला साधारण ९६ सेमी आणि ५५ इंची साधारण १२३ सेमी भरतो, पण मॉडेलनुसार थोडा फरक असतो म्हणून माहितीपत्रकातलं ‘स्टँडशिवाय’ माप बघा. पायांवर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतरसुद्धा, कारण ते बऱ्याचदा पार दोन टोकांना असतात. हवेसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये सगळीकडून १० सेमी सोडायला सांगतात. तेवढी जागा नसेल तर माझ्या मते सरळ एक साइज खाली या, मोठ्या टीव्हीचा मोह दोन दिवसांत उतरतो, पण आत कोंडलेली गरमी रोजची.

आता ब्रॅकेट, इथेच लोक फसतात. टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर, उदाहरणार्थ २०० बाय २०० मिमी, ब्रॅकेटशी जुळतंय का हे तर सगळे बघतात. पण साधं ब्रॅकेट असेल तर टीव्ही आधी थोडा वर उचलून मग खाली हुकात सोडावा लागतो, म्हणजे वर तेवढी मोकळी जागा हवीच, ती नसेल तर हुक लागतच नाही. एका बाजूला वळणारं ब्रॅकेट कोनाड्यात काही कामाचं नाही, वळवलं की टीव्हीची कड बाजूच्या प्लायवर आपटते. सरळ पुढे ओढता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी, फक्त ते बंद असताना किती जाड आहे ते आधी विचारा. आणि स्क्रू मागच्या पातळ प्लायवर संपवू नका, तो पार भिंतीत गेला पाहिजे.

वायरिंग. टीव्ही खालच्या अर्ध्यात जाड असतो, त्याच्या बरोब्बर मागे प्लग पॉइंट आला की टीव्ही पुढे आलाच समजा, म्हणून पॉइंट बाजूला किंवा वरच्या पातळ भागामागे घ्या. पोर्ट सरळ मागे उघडणारे असतील तर काटकोनातली एचडीएमआय पिन लागते, पण त्यात वर वळणारी आणि खाली वळणारी असे दोन प्रकार येतात, चुकीची आणली की पिन टीव्हीच्या अंगातच शिरते. प्लायला वायरसाठी भोक पाडताना पिनेचं डोकं जाईल एवढं मोठं पाडा, वायरच्या जाडीचं नाही. वायरी एवढ्या लांब ठेवा की टीव्ही कोनाड्याच्या बाहेर धरलेला असतानाच सगळ्या लावता येतील. सेट टॉप बॉक्स, साउंडबार, लॅन (इंटरनेटची वायर) जे काय असेल ते सगळं आधी, नंतर हात पोचत नाही.

ड्रिल लावायच्या आदल्या दिवशी टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून आत घालून बघा. फुकटचं काम आहे पण सगळ्यात जास्त उपयोगी हेच. त्यावरच भोकांच्या खुणा करून लेव्हल लावा आणि रिमोटचा सेन्सर, जो बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो, तो पुढच्या पट्टीमागे जात नाहीये ना तेपण बघून घ्या.

बसवायच्या दिवशी दोन माणसं, हातातली घड्याळं-अंगठ्या काढून, टीव्ही उभाच न्यायचा, आडवा झोपवून नाही. भिंतीवर चढवायच्या आधी एकदा चालू करून स्क्रीन बघा. आणि मागच्या स्टिकरचा, पोर्टचा मोबाईलवर फोटो काढा, कारण सर्व्हिसवाला फोनवर सिरीयल नंबर विचारतो तेव्हा टीव्ही ऑलरेडी आत गेलेला असतो.