केन्पोत वेग की ताकद? सरावातल्या या चुका टाळा

दादर-परळकडच्या शाळांच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचे क्लास भरतात. तिथे केन्पोचा, म्हणजे भराभर हात चालवणाऱ्या एका कराटे पद्धतीचा, विद्यार्थी लगेच ओळखू येतो. दोन सेकंदांत सहा-सात हात, मध्येच स्वतःच्या छातीवर आणि मांडीवर फटाफट चापट्या, चेहऱ्यावर समाधान. आणि पॅड धरून उभा असलेला मुलगा जागचा हललेलाही नसतो. शेजारी दुसऱ्या टोकाचा कुणीतरी असतो. तो मूठ कानापर्यंत मागे नेऊन असा ठोसा हाणतो की पॅडवाला दोन पावलं मागे सरकतो. फक्त तो ठोसा येणार हे पॅडवाल्याला कधीच कळलेलं असतं.

क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोघांचा वाद ठरलेला: वेग महत्त्वाचा की ताकद? माझ्या मते दोघांचं दुखणं एकच आहे. हात आणि अंग वेगवेगळ्या वेळी पोचतात. एकाचा हात अंगाच्या आधी पोचतो, दुसऱ्याचं अंग हाताच्या आधी. खालच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

आपण बोलतोय ते अमेरिकन केन्पोबद्दल. त्याचा जनक एड पार्कर हा १९३१ मध्ये होनोलुलूला जन्मलेला माणूस. हवाईत विल्यम चाऊ यांच्याकडे शिकला, १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला त्याने शाळा काढली आणि १९९० मध्ये वारला. त्याच्या पद्धतीत स्वसंरक्षणाच्या प्रत्येक टेक्निकला नाव आहे: डिलेड स्वोर्ड, फाइव्ह स्वोर्ड्स, अटॅकिंग मेस. स्वोर्ड म्हणजे तळहाताची कड, मेस म्हणजे मूठ. एकामागून एक वाहत जाणारे हात ही या पद्धतीची ओळख आहे आणि नवशिक्याला भुरळ पडते तीही त्याचीच.

हात धावतो, अंग मागे राहतं

वेगवाले एक सूत्र हमखास फेकतात: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. सूत्र बरोबर आहे. पण त्यात वस्तुमानही असतं, आणि नुसत्या हाताचं वस्तुमान फार नसतं. खांद्यापासून बोटांपर्यंतचा अख्खा हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. सत्तर किलोच्या माणसाचा हात म्हणजे साडेतीन किलो. बाकीचे साडेसहासष्ट किलो नुसते उभे राहून बघत असतील तर फटका झोंबतो, पण बसत नाही. हाताचा वेग दुप्पट करणं मुरलेल्या माणसालाही जमत नाही. त्याच हातामागे अंग लावणं मात्र कुणालाही शिकता येतं.

केन्पोत अंग लावायचे तीन रस्ते सांगतात. वजन त्याच दिशेने पुढे न्यायचं, हा बॅक-अप मास. कंबर फिरवायची, हा टॉर्क. आणि वजन खाली टाकायचं, त्याला मॅरेज ऑफ ग्रॅव्हिटी म्हणतात. तिन्ही शब्द ग्रेडिंगला (पट्ट्याच्या परीक्षेला) पाठ म्हणून दाखवणारी मुलं भरपूर भेटतात. ते अंगात उतरलेत का, हे तपासायला डिलेड स्वोर्ड पुरेसा आहे.

समोरच्याने उजव्या हाताने कॉलर धरली. तुमचा डावा पाय मागे जातो, त्याच वेळी उजव्या हाताचा आतल्या बाजूला ब्लॉक, मग उजव्या पायाची जांघेत किक. तोच पाय पुढे टेकवताना उजव्या हाताची कड मानेवर. पाय टेकणं आणि हात लागणं, सगळी गंमत या दोन क्षणांत आहे. पाय आधी टेकला की वजन जमिनीत जिरतं, मानेवर फक्त साडेतीन किलो पोचतात. हात आधी लागला तर तुम्ही एका पायावर लोंबकळत मारलेलं असतं.

यावर कुणाचं मत विचारू नका, मोबाईल वापरा. बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. पॅडवर डिलेड स्वोर्ड मारा, बाजूने शूट करा, पाय टेकल्यापासून हात लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. दहा-बारा निघाल्या तर वेग वाढवायचा विचार सध्या सोडून द्या. अर्ध्या गतीने करा, पाय आणि हात एकत्र पोचू लागले की मगच गती चढवा. गती चढवल्यावर फ्रेम पुन्हा वाढल्या तर एक पायरी खाली उतरा. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा इलाज मला माहीत नाही.

समोरचा वाकायच्या आत पुढचा हात

ही चूक मुख्यतः चपळ मुलांची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जांघेत किक बसली की माणूस वाकतो. कंबर मागे जाते, डोकं पुढे आणि खाली येतं. पण त्याला वेळ लागतो. तुमचा पुढचा हात त्याच्या आधीच निघाला तर मान जिथे होती तिथे तो जातो, जिथे येणार होती तिथे नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे येणाऱ्या डोक्याचा वेग फुकट जातो. समोरून येणाऱ्या डोक्याला तुमचा हात भेटला तर दोघांच्या वेगांची बेरीज होते. यालाच केन्पोत बॉरोड फोर्स म्हणतात, म्हणजे त्याचाच जोर त्याच्यावर.

हे सहसा शिकता येत नाही, कारण क्लासमधला जोडीदार खांबासारखा उभा असतो. खांबावर कितीही भराभर हात मारा, त्याचं डोकं खाली येत नाही. जोडीदाराला सांगा: किक आली की वाक, मानेवर हात आला की मान वळव, पोटात आला की श्वास सोडून पुढे झुक. नाटक वाटलं तरी चालेल. आणि त्याच्या प्रतिसादाच्या लयीत मारा. म्हणजे सगळे हात एकाच गतीने पडणार नाहीत. कुठे दोन हात चिकटून येतील, कुठे मध्ये श्वासभर अंतर पडेल. व्हिडिओत हे कमी देखणं दिसतं.

इची, नी, सान

मुंबईत केन्पोकडे वळणारे बरेच जण आधी शोतोकान किंवा गोजू-र्यू या जपानी कराटे पद्धती करून आलेले असतात. त्यांचा पाया चांगला असतो, कंबरही फिरते. पण इची, नी, सान (जपानीत एक, दोन, तीन) असं मोजत प्रत्येक आकड्याला एक हात आणि हाताच्या शेवटी सगळं अंग आवळून थांबणं, ही सवय वर्षानुवर्षं मुरलेली असते. त्यांच्या पद्धतीत ती योग्यच आहे. फाइव्ह स्वोर्ड्समध्ये तीच आडवी येते. समोरच्याचा फिरवून आलेला उजवा ठोसा तुम्ही आत शिरून अडवता, तोच हात ब्लॉकच्या जागेवरून सुटून मानेवर जातो, त्यामागे डावा तळहात तोंडाकडे, मग उजवा अपरकट पोटात. प्रत्येक हात आवळून थांबलात तर पुढचा हात दर वेळी शून्यातून सुरू करावा लागतो. अशा विद्यार्थ्याला मी आकडे मोजायला बंदी करतो. एका श्वासात दोन हात, मग एका श्वासात तीन.

उलट तक्रारही येते: "सर, न थांबता मारलं की जोर जातो." जोर जातो, कारण हात पूर्ण पोचायच्या आतच मागे खेचला जातो. पॉइंट फाइटिंग (हात लागला की गुण, असा सामना) खेळलेल्यांना ही सवय जास्त. झटका म्हणजे ओला पंचा झटकतो तसं, टोक पोचल्यावर परत येणं. वाटेतच मागे घेतलं तर फक्त आवाज उरतो.

मूठ मागे नेणं आणि दात-ओठ खाणं

ताकदवाल्यांच्या या दोन चुका जोडीने येतात. समोर काही हललेलं दिसल्यावर माणसाला हात उचलायला साधारण ०.२ सेकंद लागतात. तुम्ही मूठ कानाकडे नेता तेव्हा तेवढा वेळ त्याला भेट देता. हात जिथे आहे तिथूनच निघायला हवा. ब्लॉकच्या जागेवरून, खिशाजवळून, नाहीतर "जाऊ दे ना भाऊ" म्हणत वर केलेल्या उघड्या तळव्यांवरून. जोर हाताच्या पल्ल्यातून काढायचा नसतो, तो पायातून आणि कमरेतून येतो. खात्री करायची तर भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि कोपर मागे न नेता पॅड मारा.

आवळण्याचं गणितही सरळ आहे. हात सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागे, वाकवणारा पुढे. दोन्ही एकदम आवळले की तुम्ही स्वतःच्याच हाताला ब्रेक लावून ठोसा मारत असता. मूठ लागायच्या क्षणी आवळा, तोवर बोटं सैल. खांदे कानाकडे चढले असतील तर तिथेच थांबा, श्वास सोडा, पुन्हा सुरू करा.

चापटीच्या आवाजावर भाळणं

स्वतःच्या अंगावर हात आपटण्याला कारण असतं. रिकामा हात जागेवर राहतो, समोरच्याचा हात येण्याची वाट अडवतो. पण बघता बघता तो ढोलकीचा ठेका होऊन बसतो. एक दिवस एकही चापटी न मारता तीच टेक्निक करा. लय मोडली तर लय आवाजाची होती, हालचालीची नव्हती.

ग्रेडिंगसाठी टेक्निकचा रतीब

पार्कर वेगाचे तीन प्रकार सांगायचा: जाणवण्याचा, ठरवण्याचा आणि अंगाचा. आपण सगळे तिसऱ्याच्या मागे लागतो. पण हल्ला होतो तेव्हा वेळ पहिल्या दोनांत जातो. पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक याने १९५२ मध्ये प्रयोगांतून मांडलं. केन्पोच्या बऱ्याच शाळांत ऑरेंजपासून पुढे एकेका पट्ट्याला २४ टेक्निक असतात. परीक्षेला सगळ्या करा. रस्त्यासाठी मात्र चार-पाच निवडा: कॉलर धरणं, मनगट धरणं, फिरवून आलेला ठोसा, मागून मिठी, ढकलणं. जोडीदाराने न सांगता यातलं काहीही करावं आणि तुमची पहिली हालचाल योग्य निघते का एवढंच बघावं. पुढचे सहा हात नंतर.

लक्ष्य निवडतानाही हेच धोरण ठेवा. गती वाढली की नेम ढळतो. घाबरलेल्या अवस्थेत बोटांनी डोळा शोधण्यापेक्षा तळहाताने तोंडाचा मधला भाग गाठणं सोपं. डोक्यावर ग्लोव्हशिवाय नुसत्या मुठीने ठोसा मारला तर करंगळीच्या रेषेतलं तळहातातलं हाड मोडण्याची शक्यता असते, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. डोक्याला तळहात, मऊ जागेला मूठ.

सातवा हात कशासाठी?

तिसऱ्या हाताला समोरचा खाली बसला आणि तुम्ही पाठ आहे म्हणून सातव्यापर्यंत गेलात, तर अडचण तुमची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि कलम ३७ म्हणतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही. म्हणून प्रत्येक टेक्निक मधूनच सोडायचा सराव करा. जोडीदाराने कुठल्याही क्षणी "बस" म्हणावं, तुम्ही हात वर ठेवूनच दोन पावलं मागे व्हावं आणि दाराच्या दिशेने निघावं. न थांबता वाहणाऱ्या हातांना हा ब्रेक लावणं वाटतं त्यापेक्षा कठीण जातं. बाहेर पडल्यावर फोन ११२ ला. आणि लोकलच्या दारात कुणी काठीचा फटका मारून मोबाईल पाडला तर तिथे केन्पो अजिबात करायचा नाही. चालत्या गाडीच्या दारात दोन्ही हात दांड्याला हवेत.

अनवाणी शिकलेलं, चपलेत करायचं

क्लासमध्ये पाय अनवाणी आणि खाली कोरडी फरशी किंवा मॅट. टाच छान फिरते, कंबर त्यामागे येते. जुलैत स्टेशनबाहेरच्या ओल्या पेव्हर ब्लॉकवर रबरी चपलेत तेच करून बघा. एक तर चपलेतल्या चपलेत पाय घसरतो, नाहीतर तळवा जमिनीला धरून बसतो आणि पीळ गुडघ्यात जातो. अशा जमिनीवर कंबर फिरवून जोर काढण्याचा हट्ट सोडा. छोटं पाऊल पुढे आणि वजन खाली, एवढ्यावर भागवा.

आठवड्यातून एक दिवस गी (कराटेचा पोशाख) घरी ठेवून ऑफिसच्या कपड्यांत आणि बुटांत सराव घ्या. गर्दीत घेतो तशी सॅक छातीवर पुढे अडकवून डिलेड स्वोर्ड करा. आतल्या बाजूचा ब्लॉक सॅकवर आपटतो, किकला गुडघा वर येत नाही, पुढे ओढणाऱ्या वजनाने तोल जातो. मग लक्षात येतं की पहिली हालचाल ब्लॉकची नाहीच. आधी एका खांद्यावरचा पट्टा सोडायचा, सॅक दोघांच्या मध्ये ढकलायची आणि ती त्याच्या अंगावर जात असतानाच पाय मागे न्यायचा.