मुरूम उचलण्याआधी : नागपूर परिसरात रस्त्यासाठी जमिनीच्या पुरातत्त्वीय पाहणीची तयारी

रस्त्याची आखणी हाती आली की सगळे मधल्या रेषेचा नकाशा उघडतात. नागपूरभोवती खरी जोखीम मात्र त्या रेषेपासून दोन-चार किलोमीटरवर, मुरमाच्या खाणीत असते. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या भागातली महापाषाणीय शिळावर्तुळे (लोहयुगातल्या दफनांभोवती गोल मांडलेले मोठे दगड) बहुधा पीक न येणाऱ्या उंच, मुरमाड पडीक जमिनीवर आहेत, आणि ठेकेदारालाही मुरूम तिथेच मिळतो. एकट्या जुनापाणीत सुमारे 300 वर्तुळे नोंदली आहेत. म्हणून तयारीतले पहिले काम हे, की प्रकल्प जिथे जिथे मातीला हात लावणार त्या प्रत्येक जागेचा गट क्रमांक लिहून घ्यावा. त्यात मुरमाच्या खाणी, क्रशर, हॉट मिक्स प्लांट, मजुरांचा कॅम्प, डंपर जायचे कच्चे रस्ते आणि उरलेली माती टाकायची जागा, सगळे आले. ही यादी ठेकेदार नेमण्याआधी पूर्ण होत नाही, हे धरूनच चालावे. त्यावर उपाय शेवटी येतो.

मग कागद. गावनकाशा, 7/12 आणि मिळाली तर जुनी बंदोबस्त मिसल (ब्रिटिश काळातल्या जमीन-महसूल मोजणीची नोंद) पटवाऱ्याकडून व भूमी अभिलेख कार्यालयातून काढावी. त्यात दोन शब्द शोधायचे : ‘रिठी’ आणि ‘पांढरी’. रिठी म्हणजे उठून गेलेले गाव. पांढरी म्हणजे वस्तीची राखट, भुरकट माती, आणि काळ्या वावराच्या मधोमध असा पट्टा दिसला तर तिथे माणसे राहत होती असे समजून पुढे जावे. ही माती खत म्हणून उचलून नेतात, त्यामुळे टेकाड निम्मे कापलेले असते. पण कापलेल्या कडेत थर आयतेच दिसतात, तेवढा फायदा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे घेताना पूर्व रेखांश 79 अंश शहराच्या पश्चिम कडेवरून जातो हे लक्षात ठेवावे. जुन्या क्रमांकांप्रमाणे 55 ओ/4 सोबत 55 के/16 ही लागते. एकच पत्रक घेतले तर हिंगण्याकडची बाजू हातून निसटते. रस्ता पश्चिमेला 78 अंश ओलांडून जाणार असेल तर यूटीएमचा, म्हणजे मीटरमध्ये ठिकाण सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीचा, विभाग 44 चा 43 होतो. आकडे न बदलता जोडले की ठिकाण नकाशावर भलतीकडेच उमटते.

संरक्षित स्थळांच्या केंद्राच्या आणि राज्याच्या याद्या वेगवेगळ्या तपासाव्यात. केंद्राच्या स्मारकांना 1958 चा कायदा आणि 2010 ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीचे क्षेत्र. मोजणी दगडापासून किंवा देवळाच्या भिंतीपासून धरायची नाही, अधिसूचित हद्दीपासून धरायची, म्हणून अधिसूचनेतले सर्व्हे क्रमांक हातात हवेत. यात चूक झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र यादीत नाव नाही म्हणून जमीन रिकामी, असे कुणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. विदर्भातली कितीतरी वर्तुळे कोणत्याच यादीत नाहीत.

पायी पाहणीचा हंगाम फेब्रुवारी ते मे. कापूस-तूर उभी असताना जमीन दिसत नाही. पावसाळ्यात खापरे धुऊन वर येतात खरी, पण काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि गाडी पांदणीतच फसते. नांगरट झालेले वावर सर्वांत चांगले. साठ मीटर रुंद पट्ट्याला पाच माणसे पंधरा-पंधरा मीटरवर ओळीने चालवावीत; नाल्याच्या काठाला आणि मुरमाड उंचवट्यावर हे अंतर पाच मीटरवर आणावे. सकाळी सहाला सुरू करून साडेदहाला थांबावे, मे महिन्यात त्यापुढे माणसाला उन्हाशिवाय काही दिसत नाही. सोबत 30 मीटरचा टेप, जीपीएस, मोजपट्टी व उत्तरदर्शक बाण, बांबूच्या काड्यांचे झेंडे, सुतळी, जिपलॉक पिशव्या, न पुसणारा पेन आणि माणशी चार लिटर पाणी. दगडावर चुना किंवा रंग लावू नये.

धुऱ्यावर रचलेले गोटे आणि वर्तुळ यांत गल्लत होते. वर्तुळातले मोठे दगड निम्मे जमिनीत रुतलेले असतात आणि मधला भाग गोटे-मातीच्या भरावाने किंचित फुगलेला असतो. शेतातून वेचून टाकलेला ढीग सुटा असतो, दगडांवर नांगराच्या ताज्या खरचट्या दिसतात. लोखंड गाळताना उरणाऱ्या मळीचेही तसेच. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे, म्हणून मळीचा तुकडा महत्त्वाचा. पण रुळालगतचा क्लिंकर (जळक्या कोळशाचे खडे) आणि कोराडीच्या वीजकेंद्राची राख घातलेला जुना भराव हेही तसेच काळपट दिसतात. मळीजवळ भाजलेली माती किंवा भात्याच्या नळीचा तुकडा आहे का ते बघावे. गारगोटीच्या धारदार कपच्यांना हत्यार म्हणण्याआधी जवळपास क्रशर चालू होता का, एवढे विचारून घ्यावे.

खड्डा मात्र स्वतः खणू नये. पुरातत्त्वीय चाचणी-खड्डा हेही उत्खननच, त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. यातली व्यवहारी वाट अशी, की माती तपासायला अभियंते जे खड्डे घेणारच असतात, त्या दिवशी जाणता माणूस काठावर उभा करावा. काळी माती दोन-तीन मीटर जाड असेल तर वर एकही खापर नसताना खाली राखेचा थर निघू शकतो. त्याच मातीला भेगा पडतात, वरची काचेची बांगडी भेगेतून मीटरभर खाली जाते, आणि मग थराचा काळ चुकीचा लावला जातो. छातीएवढ्या खोलीच्या पुढे कडा तिरप्या कापल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नये. सुकलेली कड सपकन ढासळते. जमिनीत शिरणाऱ्या रडारवर इथे फार भिस्त नको, ओल्या चिकणमातीत त्याचा संकेत विरतो. बेसाल्टवर चुंबकीय मापनही गोंधळलेले येते.

निविदेत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पुरातत्त्वीय निरीक्षकाचा दर रोजाने वेगळ्या बाबीत दाखवावा. पुरातत्त्वीय कारणाने काम थांबले तर ठेकेदाराला मुदतवाढ मिळेल असे कलम हवे. ते नसेल तर सापडलेली वस्तू रात्रीतून भरावात जाते आणि दोष मजुरावर येतो. संशयित जागी वरची माती काढताना दातांची बकेट चालणार नाही. सपाट बकेट, एका वेळी दहा-पंधरा सेंटीमीटर, आणि पोकलेन मागे सरकत राहील असे. पुढे गेला तर उघडी केलेली जागा साखळीखाली चिरडते.

काही निघालेच तर यंत्र बंद करावे, वीस मीटर दोरी बांधावी, ताडपत्री टाकावी, फोटो काढावेत आणि वस्तू जागेवरच ठेवावी. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडल्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तहसीलदार, पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांचे क्रमांक साइट ऑफिसच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावलेले असावेत, कारण पहिले नाणे दिसते ते टिकावावरच्या माणसाला.

मुरमाच्या नव्या परवानग्या काम चालू असतानाही निघत राहतात. प्रत्येक नव्या गट क्रमांकाचा अर्ज जाण्याआधी त्या पडीकावरून एक सकाळ चालून यायचे, आणि पाहणीचे पान अर्जालाच जोडायचे.